तयार फ्रेम घ्यावी की मापाची बनवून घ्यावी? इंदूरच्या सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी पहाटे आम्ही दहा-बारा जण महूच्या दिशेने निघतो. परतताना पोह्यांच्या गाडीशी सायकली भिंतीला टेकल्या की कुणीतरी हा विषय काढतंच. कुणाची मान अवघडलेली असते, कुणाचे तळहात सुन्न झालेले असतात, कुणी रात्री जागून परदेशी फ्रेमचे फोटो पाहिलेले असतात. मी दुकानदार नाही आणि फ्रेम बनवतही नाही. तीन तयार फ्रेम आणि एक मापाची फ्रेम मी मनापासून चालवली आहे, आणि टोळीतल्या बऱ्याच जणांच्या खरेदीच्या वेळी टेप घेऊन उभा राहिलो आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

कस्टम फ्रेम म्हणजे नक्की काय? रंग वेगळा मारून घेतला तरी लोक कस्टम म्हणतात.

रंग आणि नाव हवं तसं करून मिळालं, पण फ्रेम तीच मीडियम किंवा लार्ज असेल, तर ती तयार फ्रेमच. त्याच्या पुढची पायरी म्हणजे साइज ठरलेल्या, पण मडगार्डचे आणि कॅरियरचे स्क्रू, बाटल्यांच्या जागा, ब्रेकचा प्रकार हे तुम्ही निवडायचं. खरी मापाची फ्रेम ती, जिच्या प्रत्येक नळीची लांबी आणि प्रत्येक कोन तुमच्या शरीरावरून आणि तुमच्या वापरावरून काढलेला असतो. आधी कागदावर आराखडा येतो, तुम्ही तो तपासून होकार देता, मगच नळी कापली जाते.

शिंप्याकडच्या सदऱ्याचं उदाहरण लोक देतात, पण ते अर्धंच लागू पडतं. सदरा अंगावर नीट बसला की झालं. फ्रेमला तुमच्या शरीराचे तीन टेकू जागेवर आणायचे असतात: सीट, हँडल आणि पायडल. शिवाय त्या तिन्हींच्या खाली दोन चाकं अशा ठिकाणी ठेवायची असतात की सायकल सरळ चालेल, वळणावर धरून राहील आणि उतारावर थरथरणार नाही. पहिलं काम स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि सीटपोस्ट (सीटची दांडी) बदलूनही बरंच साधतं. दुसरं साधत नाही. चाकं कुठे असावीत हे फक्त फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) ठरवतात, आणि मापाच्या फ्रेमचे पैसे आपण मुख्यतः त्यासाठी मोजतो.

तयार फ्रेम कमी दर्जाची असते का?

अजिबात नाही. चांगल्या कंपनीची फ्रेम आयएसओ ४२१० या सुरक्षा मानकाप्रमाणे यंत्रावर तपासलेली असते; पायडलवर आळीपाळीने जोर देण्याच्या चाचणीत तिला १ लाख आवर्तनं सोसावी लागतात. एकट्या कारागिराला तोडून पाहण्यासाठी इतक्या फ्रेम बनवणं परवडत नाही. त्याचा भरवसा वर्षानुवर्षांच्या हातावर आणि रस्त्यावर फिरणाऱ्या त्याच्या जुन्या फ्रेमवर असतो.

आज टूर द फ्रान्समधले स्वार तयार साइजच्याच फ्रेमवर बसतात. शर्यतीत वापरलेलं सामान बाजारात विकत मिळणारं असावं, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियमच आहे. एके काळी असं नव्हतं. बेल्जियमचा नामांकित शर्यतपटू एडी मर्क्स याच्या फ्रेम त्याच्या मापाने हाताने बनत. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात ४९.४३१ किमीचा विक्रम केला तो इटलीचा कारागीर एर्नेस्तो कोल्नागो याने बनवलेल्या सायकलवर. हाच मर्क्स १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लोआच्या ट्रॅकवर पडला आणि कमरेला मार बसला. त्यानंतर तो सीटची उंची सतत वर-खाली करत राहिला, कधी कधी चालू शर्यतीतही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. जगातली उत्तम मापाची फ्रेम हाताशी असूनही त्याला बसायची जागा शोधावीच लागत होती.

मग मला कोणती लागेल हे ठरवू कसं?

आधी स्वतःचं माप घ्या. बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखं घट्ट दाबा आणि भिंतीवर खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंत जी लांबी येईल ती पायाची आतली उंची. तिला ०.८८३ ने गुणलं की मधल्या आसापासून (क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, ज्याच्याभोवती फिरतात तो) सीटच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचा अंदाज येतो. पाय ८० सेंमी असेल तर साधारण ७०.६ सेंमी. ही फक्त सुरुवात. क्रँकची लांबी, बुटाचा तळ आणि मांडीचे स्नायू किती ताणले जातात, यावर ती सेंटीमीटरभर इकडेतिकडे होते.

मग आत्ता जी सायकल चालवता तिच्यावर चार मापं घ्या. सीटची उंची. सीटचं नाक मधल्या आसाच्या किती मागे आहे, ते ओळंबा सोडून. सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचं अंतर. हँडल सीटपेक्षा किती खाली किंवा वर आहे. ही चार मापं एका कागदावर लिहा आणि शेजारी तासागणिक काय दुखतं ते लिहा. "दुखतं" एवढंच लिहून भागत नाही. "सव्वा तासानंतर उजव्या हाताची करंगळी सुन्न" असं लिहा. दोन महिने हे करा.

त्यानंतर कंपन्यांचे फ्रेमच्या मापांचे तक्ते उघडा. त्यातल्या ५२, ५४, ५६ या आकड्यांना फारसा अर्थ उरलेला नाही. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२ इतकी असते. पाहायचे ते स्टॅक आणि रीच हे दोन आकडे. मधल्या आसापासून हँडलच्या नळीचा माथा किती उंच, तो स्टॅक. किती पुढे, तो रीच. तुमच्या चार मापांना जुळेल अशी जोडी दोन-तीन कंपन्यांच्या तक्त्यांत सापडली, आणि त्यावर ८० ते ११० मिमीचा स्टेम नि त्याखाली दोन-तीन सेंमीचे स्पेसर, म्हणजे कड्या, लावून हँडल जागेवर येत असेल, तर तयार फ्रेम घ्या आणि निश्चिंत चालवा. आमच्या टोळीतल्या बहुतेकांचं असंच झालं.

जुळवण्यासाठी ५० मिमीचा स्टेम लावावा लागतोय, किंवा स्पेसरची चवड त्याहून बरीच उंच होतेय, किंवा सीट रेल्सच्या टोकाला सरकवूनही पुरत नाही, असं झालं तर ती फ्रेम तुमची नाही. दुसऱ्या कंपनीची पाहा. चार कंपन्यांत हेच झालं, तर पुढचा प्रश्न वाचा.

माझी उंची पाच फूट. सगळ्यात लहान साइज घेतली, तरी वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. दुकानदार म्हणाला सवय होईल.

तुमची तक्रार खरी आहे आणि सवय हे तिचं उत्तर नाही. माझी मावसबहीण याच उंचीची. राजवाड्याच्या गर्दीत हळू वळताना तिचा बूट चाकात अडकला आणि ती एका हातगाडीवर पडली. मनगटाला प्लास्टर लागलं. तिने वर्षभर सायकलला हात लावला नाही, आणि तिला वाटत राहिलं की आपल्यालाच चालवता येत नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

असं का होतं ते समजून घ्या. चाक मोठ्या फ्रेमला ७०० सी आणि लहान फ्रेमलाही ७०० सी. रिमचा व्यास ६२२ मिमी, तो काही कमी होत नाही. फ्रेम लहान करत गेलं की पुढचं चाक पायाजवळ येतं. ते दूर ठेवायला कंपनी हँडलच्या नळीचा कोन पाडते, म्हणजे ७३ अंशांऐवजी ७१ किंवा त्याहूनही कमी. पण चिमटा बऱ्याचदा सगळ्या साइजना एकच असतो. हिशेब करून पाहा. २८ मिमीचा टायर आणि ४५ मिमी पुढे आलेला चिमटा धरला, तर ट्रेल, म्हणजे हँडलच्या नळीची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून चाक टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर, ७३ अंशांवर साधारण ५७ मिमी येतो आणि ७१ वर ६९ मिमी. त्या १२ मिलिमीटरनी सायकल हळू वेगात जड होते, चाक आपोआप एका बाजूला पडू पाहतं. म्हणजे ज्या वळणावर बूट चाकाला लागणार, त्याच वळणावर हँडलही सांभाळायला जड.

वर आणखी एक गोष्ट. लहान साइजमध्ये सीटची नळी उभी केलेली असते, ७४.५ किंवा ७५ अंशांपर्यंत. त्यामुळे तक्त्यात वरची नळी छान आखूड दिसते. प्रत्यक्षात गुडघा सुखात राहावा म्हणून तुम्ही सीट मागे घेता आणि ती आखूड दिसणारी लांबी परत येते. ६५ सेंमी उंचीच्या सीटला एका अंशामागे सेंटीमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणून लहान चणीच्या बायका "सगळ्यात लहान साइज घेऊनही हँडल लांब वाटतं" म्हणतात तेव्हा त्या बरोबरच सांगत असतात.

यावर इलाज लहान चाकाचा. ६५० बी चाकाची रिम ५८४ मिमी, म्हणजे त्रिज्येत १९ मिमीची सुटका. काही कंपन्या त्यांच्या सर्वांत लहान साइज या चाकावर विकतात, त्या आधी शोधा. नाही मिळाली तर मापाची फ्रेम करा आणि बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा: "चाक ६५० बी, बूट लागता कामा नये." बहिणीने तसंच केलं. पोलादी फ्रेम, ६५० बी, १६० मिमीचे क्रँक. मागच्या थंडीत ती खंडवा रोडने सिमरोल, चोरल करत ओंकारेश्वरला गेली. घाट उतरताना ती पहिल्यांदाच माझ्यापुढे होती.

पाच फूट दोन इंचांखालच्या कुणी विचारलं, तर मापाच्या फ्रेमला मी चैन म्हणत नाही.

आणि खूप उंच माणसाने?

सहा फूट चार इंचांपर्यंत एक्स्ट्रा लार्ज साइज बहुतेक निभावतात, पण दुकानात ठेवलेल्या नसतात, मागवाव्या लागतात. त्याहून उंच आणि वजनानेही भारी असाल तर मापाची फ्रेम जरूर पाहा. लांब नळ्या पिळतात. कारागीर जाड व्यासाच्या नळ्या निवडून ते थांबवू शकतो.

गुडघा दुखतो. मापाची फ्रेम केली तर थांबेल का?

फ्रेमच्या आधी सीट तपासा. मग क्रँक, मग बुटाचं क्लीट (बूट पायडलला अडकवणारा तुकडा). गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली असण्याचा किंवा फार पुढे असण्याचा संशय घ्यावा. मागच्या बाजूला दुखत असेल तर ती जास्त वर आहे का ते पाहावं. दुखणं मुरलेलं असेल तर आधी डॉक्टर.

आमच्या गल्लीतले एक काका, वय अडुसष्ट, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मापाची टायटॅनियम फ्रेम करायला निघाले होते. पैसे बाजूला काढून ठेवले होते. त्यांचा गुडघा एका मर्यादेपलीकडे वाकत नव्हता, म्हणून पायडल वर येताना कळ निघायची. १७२.५ मिमीचे क्रँक काढून १६५ चे लावले. पायडल वर येताना ७.५ मिमी खाली राहिलं. आणि ते खालीही तेवढंच कमी गेल्यामुळे सीट तेवढीच वर करता आली. गुडघ्याला दीड सेंटीमीटर मोकळीक मिळाली. फ्रेमचे पैसे वाचले. काका आता रोज पिपल्यापाल्याच्या बाजूला फेरी मारतात.

दोन पायांच्या लांबीत मोठा फरक असेल, मणका जोडलेला असेल, एक हात कमजोर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मापाची फ्रेम खरोखर माणसाला परत सायकलवर आणते. पण तिथेही आधी चांगला बाइक फिट करून घ्या. तो करणारा तुम्हाला सायकलवर बसवून, हालचाल पाहून मापं काढतो, आणि तीच मापं नंतर फ्रेम बनवणाऱ्याच्या हातात द्यायची असतात.

धातू कोणता घ्यावा?

मापाची फ्रेम म्हटलं की बहुधा पोलाद, त्यानंतर टायटॅनियम.

पोलाद म्हणजे ४१३० या क्रमांकाचं क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद), किंवा रेनॉल्ड्स आणि कोलंबस या कंपन्यांच्या नळ्या. या नळ्या टोकाला जाड आणि मध्ये पातळ असतात, ०.८ मिमी, मध्ये ०.५, पुन्हा ०.८ अशा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं. जोड जिथे बसतो तिथे ताकद राहते आणि मधलं वजन वाचतं. जोड पितळेने किंवा चांदीने झाळतात, नाहीतर टिग वेल्डिंग करतात. तिन्ही रीती चांगल्या; करणाऱ्याचा हात महत्त्वाचा. टायटॅनियमची फ्रेम गंजत नाही, तिला रंगाचीही गरज नसते, पण वेल्डिंग करताना नळीच्या आतून आणि बाहेरून आर्गॉन वायू सोडावा लागतो. हवा लागली की जोड ठिसूळ होतो. म्हणून ते फार थोड्या जणांना जमतं आणि परदेशातून मागवलेली फ्रेम लाखांत जाते.

अ‍ॅल्युमिनियममध्ये तयार फ्रेमच घ्या. ६०६१ या मिश्रधातूची फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत घालून पुन्हा कणखर करावी लागते, नाहीतर जोडाजवळ ती मऊ राहते. कारखान्याकडे भट्टी असते. कार्बनचं गणित वेगळं. प्रत्येक साइजला स्वतंत्र साचा लागतो आणि साचा फार महाग, म्हणूनच कंपन्या पाच-सहा साइजवर थांबतात.

पण पोलाद जड ना?

चांगली पोलादी फ्रेम हलक्या कार्बन फ्रेमपेक्षा किलोभर जड निघते. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो धरले तर हा फरक सव्वा टक्क्याच्याही आत येतो. तासभर चालणाऱ्या खड्या चढात तो पाऊण मिनिटाहून कमी. इंदूरच्या आसपास तासभराचा सलग चढ शोधायला मंडलेश्वरकडून जाम दरवाज्यापर्यंतचा घाट चढावा लागतो. जानापावच्या टेकडीवर शर्यत लावणाऱ्यांना तेवढी सेकंदंही मोलाची. त्यांनी कार्बन घ्यावी. बाकीच्यांनी आधी टायर चांगले घ्यावेत.

आपल्याकडे पावसाळ्यात पोलाद गंजणार नाही का?

मुंबई-कोकणासारखी खारी हवा इथे नाही, हे आपलं भाग्य. बाहेरचा रंग शाबूत ठेवा आणि आतून नळ्यांना शिजवलेल्या अळशीच्या तेलाचा हात द्या. ते सुकून पापुद्रा धरतं. मधल्या आसाच्या खोक्याला खाली भोक आहे का ते पाहा. सीटपोस्टच्या फटीतून शिरलेलं पाणी तिथेच साठतं. पावसात फिरून आलात की सायकल दहा मिनिटं मागच्या चाकावर उभी ठेवा. माझ्या फ्रेमला इतक्या पावसाळ्यांत आतून गंज धरला नाही.

आमच्या ओळखीचा वेल्डर फाटकं आणि ग्रिल उत्तम बनवतो. त्याच्याकडून करू का?

कृपा करून नको. ग्रिलचा पाइप जाड असतो. मिलिमीटरभरही जाड नसलेली फ्रेमची नळी आर्क वेल्डिंगखाली जळते, आणि जळली नाही तरी जोडाशेजारी कडक पडून सहा महिन्यांनी तडकते. चिमट्याचा जोड उतारावर तुटला तर काय होतं ते मला इथे लिहायचं नाही. शिवाय जोड थंड होताना नळ्या ओढल्या जातात. कारागीर त्या शिकंजात धरून, ठरावीक क्रमाने झाळून, मग सपाट ओट्यावर सरळ आहेत का ते तपासतो. पुढचं नि मागचं चाक एका रेषेत नसेल तर हँडल सोडल्यावर सायकल एका बाजूला खेचते आणि ते कशानेही दुरुस्त होत नाही.

त्या वेल्डरकडून सायकल टांगायचा स्टँड मात्र जरूर करून घ्या.

माळव्यातल्या रस्त्यांसाठी फ्रेममध्ये काय मागून घ्यावं?

टायरला जागा. हे मी चूक करून शिकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी फ्रेम करताना बनवणाऱ्याने विचारलं, "टायर किती रुंद लावणार?" मी तेव्हा बायपासवर आणि उज्जैन रोडवर वेगाने जाण्याच्या धुंदीत होतो. म्हटलं, २८. त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा २८ म्हटलं. त्याने सांगितल्याप्रमाणे अतिशय नेटकी फ्रेम केली. पुढच्याच पावसाळ्यात मी गावांमधून जाणारे रस्ते धरायला लागलो. महूच्या पलीकडे शेतांच्या कडेने जाताना डांबर संपलं आणि काळी माती लागली. ही माती ओली झाली की टायरला गुंडाळते, टायरबरोबर वर येते आणि चिमट्यात कोंबली जाते. दोनशे पावलांत चाक फिरायचं थांबलं. काडीने माती काढत, सायकल खांद्यावर घेत दीड तास चालत आलो. रंग खरवडून नळीचं पोलाद दिसायला लागलं होतं. ३५ चा टायर नि मडगार्ड बसेल एवढी जागा मागायला मला एक शब्द पुरला असता. आता त्या फ्रेमला ती जागा करता येत नाही.

म्हणून आज जो टायर लावणार त्याच्याहून दोन साइज रुंद टायर मडगार्डसकट बसेल, अशी जागा ठेवा. तयार फ्रेम घेतानाही दुकानात हाच प्रश्न आधी विचारा. मडगार्ड आणि कॅरियरचे स्क्रू असू द्या, तीन बाटल्यांच्या जागा असू द्या. मे महिन्यात निमाडात उतरलात तर दोन बाटल्या महेश्वर यायच्या आत संपतात. बॅगा लावून लांब जाणार असाल तर मागचे दांडे (मधल्या आसापासून मागच्या चाकापर्यंतचे) ४४० मिमीच्या पुढे ठेवा, नाहीतर टाच बॅगेवर आपटते.

डिस्क ब्रेक हवेत का हेही आत्ताच ठरवा. रिम ब्रेकच्या फ्रेमला नंतर डिस्क लागत नाहीत.

सुटे भाग इंदुरात मिळतील असं कसं पाहावं?

मधला आस ६८ मिमीचा, आट्यांचा, जुन्या बीएसए पद्धतीचा घ्या. तो कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो आणि कुरकुरत नाही. सीटपोस्ट २७.२ मिमी. डिस्क असेल तर मागचा एक्सल १४२ बाय १२. गिअर टांगायचा हँगर बदलता येणारा असावा आणि त्याचे दोन नग फ्रेमबरोबरच मागून घ्यावेत. तयार फ्रेमचा हँगर त्या त्या मॉडेलचाच असतो. मॉडेल बंद झालं की शोधत फिरावं लागतं.

खर्च आणि वेळ?

मापाच्या फ्रेमला महिने लागतात. चांगल्या कारागिराकडे रांग असते आणि काही ठिकाणी वर्ष जातं. आगाऊ रक्कम द्यावी लागते. परदेशातून मागवली तर वाहतूक, सीमाशुल्क आणि कर वेगळे. ते आधी लेखी विचारून घ्या, कारण सामान अडकल्यावर वाटाघाट करता येत नाही.

पैशाचा एक ताळा मी सगळ्यांना सांगतो. फ्रेम म्हणजे पूर्ण सायकल नव्हे. चाकं, गिअर, ब्रेक, सीट, हँडल सुटे घेतले की ते तयार सायकलीतल्या त्याच भागांपेक्षा महाग पडतात, कारण कंपनी ते हजारांनी विकत घेते. मापाच्या फ्रेमपायी स्वस्त चाकं लावावी लागणार असतील तर थांबा. त्याच पैशात चांगल्या चाकांची तयार सायकल जास्त आनंद देईल. आणि मापाची फ्रेम विकायला गेलात तर तुमच्याच अंगाचा गिऱ्हाईक शोधावा लागतो.

बनवणाऱ्याला काय विचारू?

त्याच्या पाच वर्षं जुन्या फ्रेमचे मालक कोण, आणि त्यांच्याशी बोलता येईल का. आराखडा कागदावर मिळेल का. जोड तडकला तर काय. आराखड्यात आणि हातात आलेल्या फ्रेममध्ये किती फरक तो चालवून घेतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो ते पाहा. जो फक्त उंची, वजन आणि रंग विचारून आगाऊ रक्कम मागतो, त्याच्याकडून उठून या. चांगला माणूस कुठे चालवता, किती तास, कुठे दुखतं, आधीची सायकल कुठली, तिच्यात काय आवडलं, हे सगळं विचारतो. कधी कधी तो "तुम्हाला माझी गरज नाही, अमुक कंपनीची ५४ घ्या" असंही सांगतो. असा कारागीर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

फ्रेम तुटली किंवा अपघात झाला तर?

बऱ्याच मोठ्या कंपन्या मूळ खरेदीदाराला फ्रेमवर आजीवन वॉरंटी देतात, पण ती बनावटीच्या दोषाला असते, अपघाताला नसते. बिल सांभाळा. पोलादी फ्रेमची नळी बदलता येते आणि वाकलेला मागचा दांडा सरळ करता येतो. अ‍ॅल्युमिनियम वाकलं की संपलं. कार्बनला मार लागल्यावर वरून काही दिसलं नाही तरी ती जाणकाराला दाखवल्याशिवाय चालवू नका.

बीआरएम मालिका, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करायची आहे. त्यासाठी मापाची फ्रेम हवीच का?

नाही. २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. यातलं प्रत्येक अंतर लोक साध्या तयार सायकलींवर पूर्ण करतात. पण चाळीस तासांत शरीर खोटं बोलत नाही. जे दुखणं रविवारच्या फेरीत कळतही नाही ते ३०० च्या पुढे उघडं पडतं. म्हणून आधी आहे त्या सायकलवर २०० आणि ३०० करा, चार मापांच्या कागदावर नोंदी वाढवा, आणि तरीही गरज दिसली तर फ्रेम करा. नवी फ्रेम थेट ६०० ला नेऊ नका. ती अंगवळणी पडायला दोन-तीन महिने द्या.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला मापाची करून द्यावी का?

नको. दोन वर्षांत पुरणार नाही. मोठीही घेऊन देऊ नका, "अंगाला येईल" म्हणून.

आजोबांची चोवीस इंची काळी सायकल माळ्यावर आहे. तिची फ्रेम वापरता येईल?

येईल, आणि ती वापरावी असं मला मनापासून वाटतं. मात्र तिची गिअरची सायकल करू नका. चोवीस इंच हे फ्रेमचं माप; तिच्या रिमचा व्यास ६३५ मिमी, आजच्या ७०० सीचा ६२२. लहान चाक घातलं की ब्रेकची रबरं साडेसहा मिलिमीटर वर राहतात आणि रिमला नीट लागतच नाहीत. मागच्या चिमट्यात गिअरच्या चाकाएवढी जागाही नसते. तिला छर्रे, ग्रीस, नवी कॉटर पिन आणि चांगले टायर द्या. आमच्या पिढीतले बरेच जण याच सायकलीवर दांड्याखालून पाय घालून, कैंची मारत शिकले, कारण घरात एकच सायकल होती आणि ती बापाच्या उंचीची होती. ती चढावर आणि लांब पल्ल्यावर थकवेल, पण भाजी आणायला आणि संध्याकाळी मित्राकडे जायला तिच्याइतकी निवांत चाल दुसरीची नाही.

नवी फ्रेम सांगितली आहे. जुनी सायकल आत्ताच विकून टाकू का?

थांबा. नवी जुळून येईपर्यंत जुनीवरची सीटची उंची, हँडलचं अंतर, काहीच हलवू नका. आराखड्यात शंका आली की कारागीर फोन करून एखादं माप पुन्हा मागतो, आणि ते घ्यायला हीच सायकल लागते. नवी आल्यावरही दोघी शेजारी शेजारी भिंतीला लावा, टेप घ्या, आणि चारही मापं पुन्हा लिहा.